लिव्हरच्या एस्प्रेसो यंत्रात घरी फेरफार: वाफेचा दाब, फुसफुसणारा सेफ्टी व्हॉल्व्ह आणि तापणारा ग्रूप

कोथरूडकर
(प्रश्न)

नमस्कार. लिव्हरच्या एस्प्रेसो यंत्रावर ज्यांनी स्वतः पाना चालवला आहे, अशांचा सल्ला मला हवा आहे. अर्धवट माहिती देऊन सल्ला मागणे या बाबतीत धोक्याचे ठरेल, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

यंत्र इटालियन आणि थेट लिव्हरचे आहे. त्यात स्प्रिंग नाही. दांडी वर उचलली की बॉयलरमधले पाणी दट्ट्याखाली उतरते आणि दांडी खाली ओढताना कॉफीवर जो दाब पडतो तो सर्वस्वी आपल्या हाताचा असतो. बॉयलर पितळी, १.६ लिटरचा, हीटर सुमारे १,००० वॅटचा, दाब राखण्यासाठी तळात प्रेशरस्टॅट आणि वर एक लहान दाबमापक आहे. चाळणी ५१ मिलिमीटरची आहे, त्यावरून ते २००० नंतरचे असावे असा माझा अंदाज आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही. हे यंत्र जर्मनीत दोन घरांत वापरले जाऊन माझ्या भावाच्या सामानातून पुण्याला आले आहे, आणि मधल्या काळात त्याच्यावर कोणी काय उद्योग केले हे मला ठाऊक नसल्याने दोष कंपनीच्या माथी मारणे मला योग्य वाटत नाही.

अडचणी तीन आहेत. पहिली अशी की सकाळचा पहिला कप उत्तम होतो, दुसरा चालण्यासारखा होतो आणि घरी पाहुणे असल्यामुळे तिसरा काढावा लागला तर तो जळकट, कडू होतो. दळण तेच, कॉफी तीच, वजन तेच. दुसरी अडचण वाफेची: यंत्र चालू करून सात-आठ मिनिटांत दाबमापकाचा काटा ०.९ बारवर येतो, पण त्या वेळी वाफेची नळी उघडली तर काही सेकंद नुसती कोमट फुंकर येते आणि काटा धाडकन खाली बसतो. तिसरी अडचण मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते. काटा ०.९५च्या पुढे गेला की सेफ्टी व्हॉल्व्ह फुसफुसू लागतो आणि त्याच्या तोंडाशी थेंब जमतात.

यंत्रदुरुस्ती करणाऱ्या एका ओळखीच्या गृहस्थांनी सांगितले की सेफ्टी व्हॉल्व्हची टोपी अर्धा फेरा घट्ट करा आणि प्रेशरस्टॅट १.२ बारवर न्या, म्हणजे वाफही वाढेल आणि फुसफुसही थांबेल. मी अजून काहीही केलेले नाही. याशिवाय दोन फेरफार माझ्या मनात आहेत: पोर्टाफिल्टरचा, म्हणजे चाळणी धरणाऱ्या हँडलवाल्या भागाचा, तळ कापून तो उघडा करणे, आणि ओढताना कॉफीवर नक्की किती दाब पडतो हे कळण्यासाठी दट्ट्यावर दुसरे दाबमापक बसवणे. यंत्राची जर्मन पद्धतीची दोन गोल पिनांची प्लग आमच्या स्वयंपाकघरातल्या तीन भोकांच्या सॉकेटमध्ये जरा सैल, पण बसते, आणि यंत्र चालते. यांपैकी काय करावे, काय करू नये आणि कोणत्या क्रमाने करावे, हे कृपया सांगावे.


वाफयंत्री
(उत्तर, नाशिक)

कोथरूडकर, आपण अजून काही केलेले नाही हे फार चांगले झाले. मी कारखान्यातल्या बॉयलरच्या देखभालीत आयुष्य घालवले आहे आणि निवृत्तीनंतर घरी असेच एक लहान यंत्र बाळगले आहे, म्हणून थोड्या अधिकाराने लिहितो.

सर्वांत आधी ती प्लग काढा. बाकीचे सगळे नंतर. जर्मन प्लगमध्ये अर्थिंग पिनेत नसते, ते प्लगच्या दोन कडांवरच्या पट्ट्यांत असते, आणि आपल्या सॉकेटमध्ये त्या पट्ट्यांना टेकायला काहीही नाही. म्हणजे आजच्या घडीला आपले पितळी यंत्र अर्थिंगशिवाय चालते आहे, आणि आपण ओल्या हाताने त्याची धातूची दांडी ओढता आहात. सैल बसते त्याचेही कारण आहे: जर्मन पिनेचा व्यास ४.८ मिलिमीटर आणि आपल्या ६ अँपिअरच्या पिनेचा ५.१ मिलिमीटर. सैल पिन तापते. वायरच्या टोकाला आपल्याकडची आयएसआय शिक्क्याची तीन पिनांची प्लग बसवून घ्या. त्या वायरीत तपकिरी म्हणजे फेज, निळी म्हणजे न्यूट्रल आणि हिरवी-पिवळी म्हणजे अर्थ. यंत्र साधारण साडेचार अँपिअर घेते, तरी ओट्यावरचा १६ अँपिअरचा पॉइंट वापरणे उत्तम, कारण त्याची वायर जाड असते. मग यंत्र सॉकेटमध्ये न लावता मल्टिमीटरने अर्थची पिन आणि बॉयलरचे अंग यांच्यातला रोध पाहा. तो एक ओहमच्या आत यायला हवा. घराच्या वितरणपेटीत ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर ती बसवून घ्या. हा खर्च यंत्रासाठी जड वाटला तरी तो घरातल्या माणसांसाठी आहे.

आता सेफ्टी व्हॉल्व्ह. त्याची टोपी घट्ट करणे, स्प्रिंगखाली वॉशर घालणे किंवा जास्त कडक स्प्रिंग टाकणे, यांतले काहीही करू नका. आपल्या घरचा कुकर साधारण एक बार दाबावर, १२० अंशांच्या आसपास शिजवतो. त्याची शिट्टी लवकर होते म्हणून तिच्यावर वरवंटा ठेवावा असे कोणी म्हणणार नाही. हे यंत्र त्याच जातीचे भांडे आहे, फक्त त्याला शिट्टीऐवजी एक चेंडू आणि स्प्रिंग आहे. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेच्या भांड्यांना आपल्याकडचा बॉयलर कायदा लागू होत नाही, त्यामुळे आपले यंत्र तपासायला कोणी निरीक्षक येणार नाही. तो व्हॉल्व्ह हाच आपला निरीक्षक आहे.

धोका किती हे आकड्यांत सांगतो, कारण लहान आकार पाहून माणूस गाफील राहतो. बॉयलरमध्ये दीड लिटर पाणी ११६ अंशांना आहे आणि कोणी घाईने वरची टोपी उघडली असे समजा. पुण्यात पाणी सुमारे ९८ अंशांना उकळते. त्या १८ अंशांच्या फरकातली उष्णता पन्नासेक ग्रॅम पाण्याची क्षणात वाफ करायला पुरते, आणि पन्नास ग्रॅम पाण्याची वाफ ऐंशी-नव्वद लिटर जागा व्यापते. ती एकटी बाहेर येत नाही, उरलेले उकळते पाणीही सोबत उडवते. म्हणून नियम एकच: टोपी, पाण्याची पातळी दाखवणारी काचनळी, व्हॉल्व्ह, यांतले काहीही उघडण्यापूर्वी यंत्र बंद, प्लग बाहेर, वाफेची नळी उघडून दाब शून्य आणि बॉयलर हाताला गार.

व्हॉल्व्ह फुसफुसण्याची बहुतेक वेळा दोनच कारणे सापडतात. बैठकीवर क्षार साचून चेंडू नीट बसत नाही, हे पहिले. दुसरे म्हणजे दाबमापकच चुकीचे दाखवत असते आणि खरा दाब अधिक असतो. आपल्या बाबतीत दोन्ही असू शकतील. व्हॉल्व्ह गार यंत्रावरून उतरवा, भागांचा क्रम उतरवतानाच छायाचित्रात टिपा, सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात क्षार विरघळवा आणि बैठकीवर चरा दिसला तर तोच मूळ सुटा भाग मागवा. दाबमापक भोसरीच्या औद्योगिक परिसरात अंशांकन करणाऱ्या एखाद्या प्रयोगशाळेत तपासून घ्या.

वाफ कमी पडण्याचे कारण दाब कमी असणे हे नाही, आणि हा मुद्दा नीट समजून घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती आहे. गार बॉयलरमध्ये पाण्यावर हवा असते. टोपी लावून आपण हीटर सुरू करता तेव्हा ती हवा आत कोंडली जाते, तापते आणि स्वतःचा दाब देते. काटा हवा आणि वाफ यांच्या दाबांची बेरीज दाखवतो. प्रेशरस्टॅटलाही त्यातला भेद कळत नाही. सगळी हवा आतच राहिली असे धरून हिशेब केला, तर काटा ०.८ बार दाखवत असताना पाणी जेमतेम ८५ अंशांच्या आसपास असते, आणि हवा काढून टाकल्यावर त्याच ०.८ बारला ते पुण्यात ११६ अंशांना असते. समुद्रसपाटीला ११७ भरते. पुणे ५६० मीटर उंचीवर असल्याने एक अंश कमी. आपली कोमट फुंकर म्हणजे ही कोंडलेली हवाच. उपाय सोपा आहे. काटा ०.४ बारच्या आसपास आला की वाफेची नळी पातेल्यात धरून उघडा, फुरफुर थांबून सलग कोरडी वाफ येऊ लागेपर्यंत उघडी ठेवा, मग बंद करा. काटा पडेल आणि पुन्हा चढेल. हा दुसरा चढ खरा.

एवढे केल्यावर प्रेशरस्टॅटचा स्क्रू वर नेण्याची गरज आपल्याला वाटणार नाही असा माझा अंदाज आहे. उलट तो थोडा खाली आणावा लागेल. १ बारला बॉयलरचे पाणी १२० अंशांच्या जवळ जाते, १.२ बारला १२३च्या जवळ, आणि आपली तक्रार तर कॉफी जळण्याची आहे. बहुतेक जण ०.७ ते ०.९ बारच्या दरम्यान ठेवतात. स्क्रूला हात लावताना प्लग बाहेर असलीच पाहिजे, कारण तळात त्याच्या शेजारीच २३० व्होल्टची टोके उघडी असतात. एका वेळी पाव फेरा फिरवा, तळ बंद करा, यंत्र पूर्ण तापवा, हवा काढा, काटा वाचा आणि वहीत लिहा. तळ उघडा ठेवून, यंत्र आडवे करून, चालू स्थितीत स्क्रू फिरवणारी माणसे मी पाहिली आहेत. तसे करू नका.


इझारकाठ
(उत्तर, म्युनिक)

वाफयंत्री यांच्या उत्तरातला शब्द न् शब्द मान्य आहे. गेली बारा वर्षे मी याच जातीचे यंत्र रोज वापरते, त्यामुळे तिसऱ्या कपाबद्दल लिहिते. तो प्रश्न बॉयलरचा नसून ग्रूपचा, म्हणजे दट्ट्या ज्यात चालतो आणि पोर्टाफिल्टर ज्याला अडकतो त्या भागाचा, आहे.

आकिले गाज्जा यांच्या स्प्रिंगच्या लिव्हर यंत्रांनी १९४८ पासून एस्प्रेसोवर जाड फेस आणला, पण ती यंत्रे उपाहारगृहांसाठी होती आणि त्यांचे ग्रूप वजनदार असत. ला पावोनी या मिलानच्या कंपनीने १९६१ मध्ये एउरोपिक्कोला हे घरगुती लिव्हर यंत्र आणले तेव्हा ओट्यावर मावेल असे काहीतरी हवे होते, म्हणून बॉयलर लहान झाला आणि हलका ग्रूप थेट त्याच्या अंगावर बोल्टने बसला. ही रचना मला अजूनही सुंदर वाटते. तिची किंमत मात्र आपण मोजतो: बॉयलरमधले ११६ अंशांचे पाणी गार ग्रूपमधून जाताना उष्णता गमावते आणि कॉफीवर ९०-९५ अंशांना पोहोचते. पहिल्या कपाला ग्रूप गार असतो म्हणून हिशेब जुळतो. प्रत्येक कपाबरोबर ग्रूप तापत जातो, पाण्याची उष्णता घेण्याची त्याची ताकद संपते आणि तिसऱ्या कपाची कॉफी भाजून निघते.

यावर पहिला आणि सर्वांत निर्धोक फेरफार म्हणजे तापमानाप्रमाणे रंग बदलणारी चिकटपट्टी ग्रूपच्या बाहेरच्या अंगावर लावणे. कुठलाही स्क्रू न उघडता यंत्र आपल्याशी बोलू लागते. माझ्या यंत्रावर मी पहिला कप पट्टी ८० अंशांवर आली की काढते आणि ९० ओलांडली की थांबते. आकडे प्रत्येक यंत्राचे थोडे वेगळे येतील. आपला आकडा आपल्या जिभेने ठरवावा. ग्रूप गार करायचा असेल तर रिकामा पोर्टाफिल्टर गार पाण्यात बुडवून, पुसून, अर्धा मिनिट ग्रूपला अडकवून ठेवावा. पितळेचा तो गोळा बरीच उष्णता शोषून घेतो. ओले फडके गुंडाळणेही चालते, पण ते नीट पिळलेले असावे, कारण ओघळ तळातल्या स्विचपर्यंत जातो. चार जणांसाठी कॉफी करायची असेल तर मी दोन कपांनंतर यंत्र बंद करून दहा मिनिटे गप्पा मारते.

बॉयलर आणि ग्रूप यांच्यामधल्या वॉशरच्या जागी उष्णता अडवणारा टेफ्लॉनचा जाड वॉशर बसवता येतो. मी बसवला आहे, फरक पडतो. मात्र टेफ्लॉन तापल्यावर थोडा दबतो, म्हणून पहिल्यांदा तापवून पूर्ण गार झाल्यावर दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळून पाहावेत आणि तिथून थेंब येत नाही ना हे पुढचे आठवडाभर बघावे. आधी पट्टी लावून दोन-तीन आठवडे सवयी बदलून पाहा. वॉशरची गरज कदाचित उरणार नाही.

फेरफारांच्या नादात हाताच्या सवयी राहून जातात, आणि भाजण्याचे प्रसंग तिथेच येतात. कप भरला म्हणून लगेच पोर्टाफिल्टर फिरवून काढू नका. दट्ट्या आणि कॉफीची चकती यांच्यामध्ये दाब अडकलेला असतो आणि घाईने काढल्यास गरम चोथा अंगावर उडतो. थेंब थांबू द्या, अर्धा-एक मिनिट जाऊ द्या, मग पोर्टाफिल्टर थोडासाच फिरवून दाबाचा सुस्कारा ऐका आणि त्यानंतरच काढा. दांडी अर्ध्यावर सोडू नका, ती खालच्या दाबाने उसळते. पोर्टाफिल्टर नसताना दांडी वर उचलली तर सरळ उकळते पाणी खाली येते. घरात लहान मूल असेल तर हे विशेष लक्षात ठेवा.

यंत्र कलंडण्याकडेही लोक दुर्लक्ष करतात. दट्ट्याचा व्यास पाच सेंटिमीटर धरला, तर कॉफीवर ९ बार आणण्यासाठी दट्ट्यावर सुमारे १८० किलो वजनाएवढा जोर यावा लागतो. तरफेमुळे आपल्या हाताला त्याचा लहानसा भागच द्यावा लागतो, पण तेवढ्यानेही हलके यंत्र पुढे झुकते. मी माझे यंत्र एका जाड सागवानी फळीवर बोल्टने बसवले आहे आणि फळीखाली रबराचे पाय लावले आहेत. बारा वर्षांत केलेल्या सगळ्या फेरफारांत याच्याइतका उपयोगी एकही ठरला नाही.

आणखी एक. दांडी ज्या पिनांवर फिरते त्या पिनांच्या टोकांना लहान सर्क्लिप, म्हणजे पिन जागेवर धरणाऱ्या कड्या, असतात. जुन्या यंत्रात त्या निसटलेल्या किंवा वाकलेल्या सापडतात. पिन सरकली की भर दाबात दांडी सुटते. पिन झिजली असेल तर मूळ भाग मागवावा. हार्डवेअरच्या दुकानातला साधा बोल्ट तिथे घालू नये. दट्ट्याच्या सीलना फक्त अन्नासाठी चालणारे सिलिकॉन ग्रीस लावावे. खोबरेल तेल, शिवणयंत्राचे तेल किंवा व्हॅसलिन यांनी काही प्रकारचे रबर फुगते, आणि फुगलेला सील दट्ट्या अडकवतो.


कोथरूडकर

आपणा दोघांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांत जे केले त्याचा वृत्तांत देतो.

अर्थिंगबद्दल वाफयंत्री यांनी लिहिलेले वाचले त्याच संध्याकाळी प्लग काढली. नवी प्लग बसवून मल्टिमीटर लावला तर अर्थची पिन आणि बॉयलर यांच्यात संपर्कच दिसेना. तळ उघडल्यावर कारण सापडले: हिरवी-पिवळी वायर बॉयलरच्या स्क्रूवरून निघालेली होती आणि कोणीतरी तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळून ती बाजूला सारली होती. म्हणजे सॉकेट योग्य असते तरीही अर्थिंग मिळालेच नसते. मी सहा महिने हे यंत्र ओल्या हाताने वापरले आहे. नवी रिंग-टोपी दाबून वायर पुन्हा जोडली आणि आता रोध ०.२ ओहम येतो. प्रेशरस्टॅटच्या एका टोकाची वायर सैल होऊन तिचे आवरण तपकिरी पडले होते, तीही बदलून घेतली. हे काम मी स्वतः न करता परवानाधारक वायरमनकडून करून घेतले.

दाबमापक प्रयोगशाळेत ०.१५ बारने कमी दाखवणारे निघाले. मी ०.९५ समजत होतो तेव्हा आत १.१ बार होता. सेफ्टी व्हॉल्व्हच्या बैठकीवर पांढरा कठीण थर होता. सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात तो रात्रभरात सुटला, आणि चेंडू व बैठक दोन्ही गुळगुळीत आहेत. टोपी मूळ खुणेवरच बसवली आहे. प्रेशरस्टॅट पाऊण फेरा खाली आणून खरा ०.८ बार ठेवला. व्हॉल्व्ह आता शांत आहे.

हवा काढण्याची युक्ती मात्र मला सर्वांत जास्त आश्चर्य देऊन गेली. दाब पूर्वीपेक्षा कमी असूनही वाफ आता भरपूर येते आणि दीडशे मिलिलिटर दूध एका दमात होते.

तिसरा कप सुधारला आहे, पण पूर्ण नाही. रंग बदलणारी पट्टी लावली तेव्हा कळले की यंत्र नुसते चालू ठेवून मी अर्धा तास वाट पाहत असे, त्यामुळे पहिल्या कपालाच ग्रूप ८८ अंशांवर असे.


घाटमाथा
(उत्तर, बेंगळुरू)

मी टूलरूममध्ये काम करतो, म्हणून उरलेल्या दोन फेरफारांबद्दल लिहितो.

पोर्टाफिल्टरचा तळ कापणे हे काम तुलनेने निर्धोक आहे, कारण त्या भागाला बॉयलरचा दाब झेलावा लागत नाही. कॉफीचा दाब चाळणी झेलते. मात्र मूळ पोर्टाफिल्टर कापू नका, दुसरा घ्या. हँडल काढून घ्यावे, भाग व्हाइसमध्ये लाकडी जबड्यांत धरावा आणि ड्रिल प्रेसवर होलसॉ सावकाश चालवावा. हाती धरलेल्या ड्रिलने हे करू नये, पितळेत दात अडकला की भाग हातातून फिरतो. कापल्यावर कडा कानशीने आणि मग बारीक पॉलिश कागदाने साफ कराव्यात, कारण कापलेल्या ठिकाणी वरचा क्रोमचा मुलामा सुटतो आणि त्याचे कण कपात नकोत. उघड्या तळामुळे दळण किंवा दाबण्यातली चूक लगेच दिसते: चकतीला भेग असेल तिथून बारीक गरम धार उडते. पहिले काही दिवस वाकून डोळे जवळ नेऊ नका.

दट्ट्यावरच्या दाबमापकाबद्दल माझे मत कडक आहे. त्यासाठी दट्ट्याचा दांडा आतून पोकळ असावा लागतो. असे तयार दांडे मिळतात, आणि बसवायचे असेल तर तेच बसवावेत. मूळ दांड्याला स्वतः भोक पाडू नका. इझारकाठ यांनी सांगितलेला १८० किलोचा जोर त्याच दांड्यातून जातो आणि पिनेसाठीच्या भोकापाशी त्याची जाडी आधीच कमी झालेली असते. लेथवर भोक अर्धा मिलिमीटर जरी बाजूला गेले तरी एका अंगाची भिंत पातळ होते, आणि ती बाहेरून दिसत नाही. मापकाची पट्टी १६ बारपर्यंतची घ्यावी. दाबमापक आल्यावर बहुतेकांना कळते की आपण समजत होतो त्यापेक्षा कमी, सहा-सात बारच दाब देत होतो आणि कॉफी तरीही चांगली होत होती.

बॉयलरच्या हीटरला बाहेरून डिमर किंवा तापमान नियंत्रक जोडण्याचा मोह पुढे कधीतरी होईल. तापमान वाचण्यापुरता संवेदक बाहेरून चिकटवा आणि तेवढ्यावर थांबा. हीटरच्या वायरीत घरगुती जोडणी घुसवली की यंत्राची स्वतःची संरक्षणे, म्हणजे प्रेशरस्टॅट आणि जास्त तापल्यावर वीज तोडणारा थर्मोस्टॅट, कोणत्या क्रमाने काम करतील हे सांगता येत नाही.

व्हॉल्व्हच्या बैठकीवर पांढरा थर सापडला, त्याअर्थी बॉयलरमध्येही असणार. खडकवासल्याचे पाणी मुळात मृदू आहे, पण सोसायटीत टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी येत असेल तर चित्र बदलते. लिटरला २० ते ३० ग्रॅम सायट्रिक ॲसिड, पाणी कोमट, अर्धा तास, मग तीन-चार वेळा स्वच्छ पाण्याने धुणे. हे द्रावण उकळू नका आणि दाबाखाली ठेवू नका. ओतलेले पाणी निळसर-हिरवट दिसले तर पितळेतले तांबे सुटू लागले आहे असे समजून लगेच थांबा. शौचालय साफ करण्याचे ॲसिड पितळ खाते. त्याला यंत्राजवळही आणू नका. काचनळीत पाण्याची पातळी खुणेखाली जाऊ देऊ नका, कारण हीटर उघडा पडला की काही मिनिटांत जळतो.


वाफयंत्री

कोथरूडकर, ती चिकटपट्टी गुंडाळलेली वायर वाचून मी बराच वेळ सुन्न होतो. वायर तोडण्यापूर्वी आरसीसीबी वारंवार पडत असल्यामुळे आधीच्या कोणीतरी तसे केले असण्याची शक्यता आहे. जुन्या हीटरच्या आवरणात ओल शिरली की विजेची गळती होते, आरसीसीबी पडते, आणि अर्थ तोडला की ती पडायची थांबते. बिघाड तसाच राहतो आणि माणूस त्याचा मार्ग बनतो. आपली आरसीसीबी बसली का? ती बसल्यावर यंत्र पूर्ण तापवून, अर्धा तास चालू ठेवून पाहा, आणि वायरमनकडून मेगरने (इन्सुलेशन तपासण्याच्या उपकरणाने) हीटरचा इन्सुलेशन रोध मोजून घ्या. तो एक मेगओहमच्या खाली आला तर हीटर बदलेपर्यंत यंत्र वापरू नका.


कोथरूडकर

आरसीसीबी गेल्या शनिवारी बसली. यंत्र तापू लागल्यावर पाचव्या मिनिटाला ती पडली, पुन्हा लावली तर पुन्हा पडली. वाफयंत्री यांचा तर्क खरा निघाला: मेगरवर हीटरचा रोध ०.३ मेगओहम आला. मूळ हीटर आणि त्याचा वॉशर मागवला आहे, तो यायला महिनाभर लागेल. तोपर्यंत यंत्र रिकामे करून, प्लग बाहेर काढून, कपाटात ठेवले आहे. बॉयलर उघडा असेपर्यंत आतले क्षार साफ करून घेतो आणि फळीसाठी सागवानाचा तुकडा पाहून ठेवतो. दट्ट्यावरचे दाबमापक मी यादीतून काढून टाकले आहे. हीटर बसल्यावर अर्थचा रोध, मेगरचे वाचन आणि पट्टीवर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या कपाला येणारे तापमान इथेच लिहीन.